वाताच्या गुडघ्याला झिजेचं पॅकेज: कोल्हापुरातल्या गुडघेबदलाची परखड पाहणी

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून शाहूपुरी, ताराबाई पार्कपर्यंत एक चक्कर मारली तर गुडघेबदलाच्या जाहिराती मोजून संपत नाहीत. या पाहणीत कुठल्या एका दवाखान्याला गुण दिलेले नाहीत. जवळपास सगळीकडे एकाच साच्यात मिळणारं पॅकेज तपासलं आहे, म्हणजे ऑपरेशन, इम्प्लांट, भूल, चार-पाच दिवसांची खोली आणि फिजिओच्या काही बैठका. प्रश्न एवढाच की रुमेटॉइड आर्थरायटिसच्या, म्हणजे आपल्या भाषेत वाताच्या पेशंटला हे पॅकेज कितपत पुरतं.

वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यासाठी पाचपैकी चार गुण. वाताच्या पेशंटने ते जसंच्या तसं घेतलं तर दोन. पुढे दिलेल्या गोष्टी आधी मागून, लिहून घेतल्या तर साडेतीन ते चार. हा फरक सर्जनच्या हातामुळे पडत नाही. हे पॅकेज सत्तरीतल्या, एकाच सांध्याचं दुखणं असलेल्या माणसाला समोर ठेवून आखलेलं असतं. वाताची पेशंट बहुतेकदा बाई असते, पुष्कळदा पन्नाशीचीच. तिची बोटं वाकडी, मनगटं सुजलेली, मान आखडलेली, हाडं ठिसूळ, कातडी कांद्याच्या सालीसारखी, आणि औषधांची यादी हातभर असते. गुडघा त्या सगळ्यातला एक.

वाटी आणि बिल

आपल्याकडे कुणी गुडघ्याचं ऑपरेशन केलं की ‘वाटी बदलली’ म्हणतात. खरं तर मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची थाळी, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलीनची चकती. वाटी आहे तिथेच राहते. हवं असेल तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं छोटं बटण बसवतात. झिजेच्या गुडघ्यात हे बटण बसवावं की नाही यावर सर्जन मंडळींचं आजही एकमत नाही. वाताच्या गुडघ्यात मात्र बसवण्याकडेच कल असतो, कारण वाटीमागे उरलेल्या कूर्चेवर सुजलेलं अस्तर पुन्हा चढू शकतं आणि जिना चढताना पुढून दुखत राहतं. म्हणून सर्जनला नेमकं विचारा, ‘वाटीला बटण बसवणार का? नसाल तर का?’ मग बिलावर ते वेगळं दिसतंय का ते बघा.

बिलाचा आधार पक्का आहे. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती बांधून दिल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचात तेव्हाची मर्यादा मांडीच्या भागाला २४,०९० रुपये, नडगीच्या थाळीला १६,९९०, चकतीला ९,५५० आणि वाटीच्या बटणाला ४,०९० रुपये होती. बेरीज ५४,७२० रुपये, अधिक जीएसटी. नंतर आकडे थोडे बदलले, पण रचना तीच राहिली. इम्प्लांटची किंमत, कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि माप बिलावर स्वतंत्रपणे आलंच पाहिजे. ‘पॅकेजमध्ये सगळं आलं’ हे उत्तर स्वीकारू नका. खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पंधरा वर्षांनी चकती बदलायची वेळ आली तर त्याच स्टिकरवरून कुठला भाग मागवायचा ते कळतं.

प्रकारांबद्दल थोडक्यात. अर्धा गुडघा बदलण्याचं ऑपरेशन स्वस्त आणि छोटं म्हणून कुणी सुचवलं तर नको म्हणा. वात पूर्ण सांध्याच्या अस्तराचा आजार आहे, अर्धा भाग आज ठेवला तर उद्या तोही जातो. मागचं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारा पट्टा, जपणारा संच की काढून टाकणारा, हा प्रश्न वाताच्या पेशंटसाठी महत्त्वाचा असतो. सुजेने हे लिगामेंट कुरतडलेलं असतं, आज धरून ठेवलं तरी काही वर्षांनी ते ताणून गुडघा मागे सरकू शकतो. म्हणून बरेच सर्जन इथे ते काढून त्याचं काम इम्प्लांटच्या खुंटीवर सोपवतात. हे बरोबर वाटतं.

‘हाय-फ्लेक्स’साठी जास्तीचे पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल हे बहुतांशी ऑपरेशनआधी तो किती वाकत होता यावर ठरतं. रोबोटचंही तेच. हाड कापण्याचा कोन तो अचूक देतो, हे मान्य. पण वाताच्या पेशंटचं नुकसान होतं ते जंतुसंसर्गाने, औषधांच्या घोळाने आणि हातात वॉकर न धरता आल्याने. यातलं एकही काम रोबोट करत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते संधिवाततज्ज्ञाच्या भेटीवर आणि महिनाभराच्या फिजिओवर खर्च करा.

ऑपरेशनआधी: मान, दात, पाय

नेहमीच्या पॅकेजच्या तपासणी यादीत रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा फोटो, टू-डी इको असतो. मानेचा एक्स-रे बहुतेकदा नसतो. वाताच्या जुन्या पेशंटला तो हवाच, तोही बाजूने, मान पुढे वाकवून एक आणि मागे नेऊन एक. वातामुळे मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना धरून ठेवणारं लिगामेंट सैल पडतं. पहिल्या मणक्याची कमान आणि दुसऱ्याची खुंटी यांच्यातलं अंतर मोठ्या माणसात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त भरलं तर भूलतज्ज्ञाने सावध व्हायलाच हवं. ‘कमरेतून भूल देणार, मानेचं काय घेऊन बसलाय?’ असं उत्तर आलं तर समजावून सांगा, की कमरेतली भूल लागली नाही किंवा मध्येच उतरली तर पूर्ण भूल द्यावी लागते आणि नळी घालताना मान मागे नेतात. त्या वेळी मज्जारज्जूला धोका होतो. मान सैल असेल तर केसपेपरच्या पहिल्या पानावर तांबड्या अक्षरात लिहून घ्या. जबडा नीट उघडत नसेल किंवा आवाज घोगरा झाला असेल तर तेही सांगा, वात जबड्याच्या आणि स्वरयंत्राच्या सांध्यांतही शिरतो.

हिमोग्लोबिन वाताच्या पेशंटचं बहुधा कमीच असतं आणि ते नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी वाढेलच असं नाही, कारण आजार भडकलेला असेल तर शरीर लोह वापरूच देत नाही. आधी आजार शांत करावा लागतो, त्याला सहा-आठ आठवडे द्या. किडलेला दात, लघवीचा संसर्ग, पायाच्या बोटांच्या बेचक्यातली चिखली, टाचेच्या भेगा, बोटांवरची फुटलेली घट्टं हे सगळं आधी बरं करायचं. रुमेटॉइडच्या पायाची बोटं एकावर एक चढलेली असतात आणि चपलेच्या अंगठ्यात घासून तिथे जखम होते. एवढीशी ती जखम नव्या गुडघ्यापर्यंत जंतू पोचवते.

एकाहून जास्त सांधे गेले असतील तर क्रम ठरलेला आहे. खुबा आणि गुडघा दोन्ही खराब असतील तर आधी खुबा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, आणि वाकडा, आखडलेला खुबा तसाच ठेवून गुडघा बदलला तर सरळ चालता येत नाही आणि व्यायामही होत नाहीत. फक्त गुडघ्याचं पॅकेज विकणारा माणूस खुबा तपासेलच असं नाही. उताणं झोपवून खुबा गोल फिरवून बघायला एक मिनिटही लागत नाही. तो बघितला नसेल तर स्वतः आठवण करा.

औषधं: सगळ्यात जास्त घोळ इथे

पॅकेजमध्ये अस्थिरोगतज्ज्ञ असतो, फिजिशियन असतो, भूलतज्ज्ञ असतो. संधिवाततज्ज्ञ नसतो. वाताच्या पेशंटसाठी पॅकेजमधली सर्वात मोठी उणीव हीच. त्यामुळे ‘ऑपरेशन आहे, वाताच्या सगळ्या गोळ्या बंद करा’ असा सरसकट सल्ला मिळू शकतो. गोळ्या बंद झाल्या की दोन-तीन आठवड्यांत आजार भडकतो, मनगटं आणि खांदे सुजतात, वॉकर धरता येत नाही, व्यायाम थांबतो आणि नवाकोरा गुडघा आखडतो. आखडलेल्या गुडघ्याचा दोष मग इम्प्लांटला लागतो.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमेटॉलॉजी आणि तिथल्या सांधेबदल सर्जनच्या संघटनेने याबाबतचं मार्गदर्शन २०१७ मध्ये दिलं आणि २०२२ मध्ये सुधारलं. त्याचा गाभा असा. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवायच्या. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या ऑपरेशनआधी ३ दिवस थांबवायच्या. बायोलॉजिक इंजेक्शनं घेणाऱ्यांनी पुढचा डोस टाळून, तो ज्या आठवड्यात घ्यायचा होता त्यानंतर ऑपरेशन ठरवायचं. अडॅलिमुमॅब दोन आठवड्यांनी घेत असाल तर शेवटच्या डोसनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. एटनरसेप्ट दर आठवड्याला असेल तर दुसऱ्या आठवड्यात. रिटुक्सिमॅब सहा महिन्यांनी असेल तर सातव्या महिन्यात. म्हणजे इंजेक्शनची तारीख आधी बघायची आणि मग ऑपरेशनची ठरवायची. थांबवलेली औषधं जखम कोरडी, लाली-सूज नाही, टाके निघालेले, असं सगळं जुळल्यावर साधारण १४ दिवसांनी पुन्हा सुरू करायची. वर लिहिलेलं आपल्या डॉक्टरांना दाखवा, स्वतःच्या मनाने अमलात आणू नका. मूत्रपिंड, यकृत किंवा जंतुसंसर्गाची भानगड असेल तर हिशोब बदलतो.

मेथोट्रेक्सेटबाबत एक वेगळी सूचना. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पेशंट भरती झाल्यावर वॉर्डातल्या चार्टवर ती चुकून ‘रोज एक’ अशी चढते आणि चार-पाच दिवसांत तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात. अशी चूक जिवावर बेतते. घरून येताना कागदावर मोठ्या अक्षरात ‘मेथोट्रेक्सेट फक्त रविवारी’ (किंवा जो वार असेल तो) लिहून आणा, फाइलला लावा, आणि गोळ्यांचं पाकीट घरच्या माणसाकडेच ठेवा.

आता स्टेरॉइड. रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन वर्षानुवर्षं चालू असेल तर ऑपरेशनच्या सकाळीही नेहमीचा डोस घ्यायचा. अचानक बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या, पण झोपी गेलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना वेळेवर जाग येत नाही आणि रक्तदाब पडतो. उलट, खबरदारी म्हणून मोठमोठे जादा डोस देण्याची जुनी पद्धतही आता सुचवत नाहीत, त्याने साखर वाढते आणि जखम भरायला उशीर लागतो. खरी अडचण कागदावर नसलेल्या स्टेरॉइडची आहे. वातावर गुण येतो म्हणून कुठल्या गावच्या पुड्या किंवा बिनलेबलच्या गोळ्या घेत असाल आणि दुसऱ्याच दिवशी जादूसारखं बरं वाटत असेल, तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. संकोच न करता भूलतज्ज्ञाला सांगा. ही माहिती लपवणं फार महागात पडतं.

एक गुडघा की दोन्ही

झिजेच्या पेशंटला एका वेळी एक हा सल्ला पुष्कळदा शहाणपणाचा असतो. वाताच्या पेशंटमध्ये एक फरक आहे. दोन्ही गुडघे तीस-चाळीस अंशांत वाकलेले असतील आणि एकच सरळ केला, तर तो पाय लांब पडतो. पेशंट नकळत नवा गुडघा वाकवून दुसऱ्याशी जुळवतो आणि सरळ केलेला गुडघा पुन्हा वाकून बसतो. अशा वेळी दोन्ही एकाच वेळी, किंवा थोड्या दिवसांच्या अंतराने एकाच भरतीत, हे योग्य असतं, अट अशी की हृदय आणि रक्त साथ देत असावं. ‘दोन्हींवर सूट’ हे मात्र कारण होऊ शकत नाही.

गुडघा आत वळून पाय बाहेरच्या बाजूला फाकलेला आणि गुडघा वाकलेलाही असेल तर सरळ करताना गुडघ्याच्या बाहेरून जाणारी पेरोनियल नस ताणली जाते. म्हणून भूल उतरल्यावर त्याच रात्री पाऊल वर उचलता येतंय का ते बघायचं. उचलत नसेल तर सकाळपर्यंत थांबू नका. ड्रेसिंग सैल करून गुडघा थोडा वाकवून ठेवणं हा पहिला उपाय आणि तो लगेच करायचा असतो.

थिएटर, टाके, चिकटपट्टी

थिएटरमधलं बरंचसं पेशंटच्या हातात नसतं, म्हणून थोडंच. चीर देण्याआधीच्या एका तासात अँटिबायोटिकचं इंजेक्शन गेलेलं असावं. सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळलेलं असावं, कारण वातात जंतुसंसर्गाचा धोका झिजेच्या गुडघ्यापेक्षा जास्त. हाड भिजल्या थर्माकोलसारखं मऊ असेल तर नडगीच्या थाळीला लांब दांडी लागू शकते, ती थिएटरमध्ये हजर आहे का हे सर्जनला आधी विचारा. ऐन वेळी सांगली-मिरजेहून मागवायची वेळ येऊ नये.

ड्रेसिंगची चिकटपट्टी हा बारीक वाटणारा पण खूप त्रास देणारा भाग. स्टेरॉइडने पातळ झालेली कातडी पट्टीबरोबर सोलून निघते आणि त्या फोडांतून जंतू शिरतात. कमी चिकट पट्टी किंवा वरून नुसतं क्रेप बँडेज मागा. टाके झिजेच्या पेशंटला १२ ते १४ दिवसांनी काढतात, इथे सर्जन आणखी आठवडा थांबला तर घाई करू नका.

वॉकर आणि फिजिओ

पॅकेजबरोबर मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा साधा वॉकर वाताच्या पेशंटला जवळपास निरुपयोगी. शरीराचं अर्धं वजन मनगटावर येतं आणि वाकडी बोटं दांडा धरतच नाहीत. हवा तो कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवता येणारा, गादी लावलेल्या पन्हळीचा वॉकर. दुकानात सांगताना ‘हात टेकवायचा, पन्हळवाला’ असं सांगा आणि ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस मागवून त्यावर चालण्याचा सराव करा. तो मिळालाच नाही तर साध्या वॉकरच्या दांड्यांवर सायकलच्या मुठी किंवा जुन्या धोतराची जाड गुंडाळी बांधा. दांडा जाड झाला की मूठ पूर्ण मिटावी लागत नाही.

गुडघा आपोआप वाकवणारं मशीन काही ठिकाणी जादा पैशांत लावतात. त्याने दूरगामी फायदा होत नाही हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पैसे वाचवा. उशी गुडघ्याखाली ठेवणं ही घरोघरी होणारी चूक. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची आणि गुडघा हवेत मोकळा सोडायचा, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दोन आठवड्यांत पूर्ण सरळ आणि ९० अंश वाक हे लक्ष्य. सहा आठवड्यांनंतरही तिथे पोचला नसाल तर सर्जनकडे जा. ठिसूळ हाडाच्या गुडघ्याला जोर लावून वाकवणं धोक्याचं असतं, मांडीचं हाड इम्प्लांटच्या वरच्या काठाशी मोडू शकतं. घरी येणाऱ्या कुणालाही अंगाचा भार टाकून वाकवू देऊ नका.

पावसाळा, घाट, योजना

कोकणातून गगनबावडा किंवा आंबा घाट चढून येणाऱ्यांनी आणि शिरोळ, हातकणंगल्याच्या नदीकाठच्यांनी तारीख ठरवताना कॅलेंडर बघावं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हमरस्ताच बंद होता. जुलैच्या मध्यात ऑपरेशन केलं तर टाके काढण्याची तारीख नेमकी पुराच्या दिवसांत येते. दिवाळीनंतरचे महिने बरे.

जखमेतून आठवड्यानंतरही पाणी येत असेल, ताप असेल, गुडघा अचानक जास्त दुखत असेल तर गावातल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका. अर्धवट औषधाने जंतू दबतात आणि नंतर गुडघ्यातलं पाणी तपासलं तरी सापडत नाहीत. ‘वात उसळला असेल’ हे निदान नव्या गुडघ्याच्या बाबतीत सगळ्यात शेवटी करायचं. सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, वातात तसाही वाढलेला असतो, म्हणून ऑपरेशनआधीचा आकडा लिहून ठेवा. तुलना त्याच्याशी करायची.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन, आपलं रेशनकार्ड आणि तो दवाखाना तिन्ही बसतात का हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, टोल फ्री १५५३८८. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असल्याने तिथे एकाच आवारात मेडिसिन, भूल आणि अस्थिरोग हे विभाग मिळतात. वाताच्या पेशंटच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे, गर्दी आणि थांबणं धरूनसुद्धा.

घरात संडासची सीट जमिनीपासून किमान १८ इंच हवी. वाताच्या हातांना जोर लावून उठता येत नाही, म्हणून उंची झिजेच्या पेशंटपेक्षा जास्तच लागते. पाटावर बसणं बंद, मांडी घालणं बंद. आणि कोल्हापुरी पायतान काही महिने खुंटीला राहू दे. कातडी तळवा ओल्या फरशीवर सरकतो, मागे पट्टा नाही, आणि अंगठ्यात वाकडी बोटं घासतात. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची, बोटांकडे रुंद चप्पल घ्या, आणि ती वाकून न लावता उभ्याने पायात जाते का हे दुकानातच बघा.